मोडीचा भाव

भाव करणे ही एक कला आहे आणि ती मला साधलेली नाही. मंडईत मी मेथीची जुडी हातात घेतली की भाजीवालीचा चेहरा उजळतो, हे पाहून पत्नीने मला मंडईत न्यायचे सोडले, त्याला आता बरीच वर्षे झाली. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि त्यापुढे चित्रकलेची पदविका. मॅट्रिकला गणितात बावन्न गुण मिळाले, ते त्या विषयातले माझे अखेरचे यश. शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. आजवर तीन लिहिल्या. त्यांची किंमत आधी प्रकाशकांनी ठरवली आणि मागाहून रद्दीवाल्याने. मला कोणी विचारले नाही. विचारले असते तरी सांगता आले नसते.

अशा माणसाकडे २०२५ च्या भाद्रपदात माझा भाचा आला आणि म्हणाला, "मामा, एक मशीन घ्यायचंय. जुनंच आहे. पासष्ट हजार सांगतोय. किती द्यावेत, ते तुम्ही ठरवा."

"कसलं मशीन?"

"बिटकॉइनचं. मायनिंगचं."

मी चष्मा काढून पुसला. अवघड प्रश्न आला की चष्मा पुसायची सवय मास्तरकीत लागते. तेवढाच वेळ मिळतो. भाचा पुढे सांगत होता. पाच हजार बयाणा तो देऊन बसला होता. त्याच्यापाशी वीस हजार होते. "उरलेले..." असे म्हणून तो थांबला. पासष्टांतून पंचवीस वजा करण्याइतके गणित मला येते. उरलेले म्हणजे चाळीस. हा चाळीस हजारांचा आकडा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. तो का, ते पुढे सांगेन. आदल्या दिवशी अक्काचा फोन आला होता. ती एवढेच म्हणाली होती, "पोराचं जरा ऐकून घे."

सुदैवाने पितृपंधरवडा चालू होता. या दिवसांत घरात नवी वस्तू आणायची नाही हा अक्काचा दंडक, त्यामुळे सौदा घटस्थापनेवर गेला. हिशोबाला मला दहा-बारा दिवस मिळाले.

आमचे गाव इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून हे गाव खटखटाटात जगत आले आहे. आम्हां मुलांना झोप लागायची ती मागांच्या आवाजात. वीज गेली आणि गाव गप्प झाले की लहान पोरे दचकून उठत. अक्काच्या घरामागे पत्र्याची एक लांबट शेड आहे. तिच्यात आठ साधे माग होते. दाजी खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, माग आपले आणि मजुरी पिकावर. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक पीक, आणि त्या पिकामागे मिळायचे ते काही पैसे. त्या पैशांवर अक्काचा संसार झाला, भाच्याचे आयटीआय झाले. २०२१ मध्ये दाजी गेले. त्यानंतरच्या दोन वर्षांत सहा माग मोडीत निघाले. माग मोडीत निघतो तेव्हा त्याच्या बिडाचे वजन होते आणि किलोवर भाव मिळतो. उरलेले दोन माग शेडच्या टोकाला उभे आहेत, बंद.

त्या रिकाम्या जागेत भाच्याला हे नवे यंत्र ठेवायचे होते. त्याने मोबाइलवर मला त्याचे छायाचित्र दाखवले. अँटमायनर एस-१९ प्रो. २०२० साली बाजारात आलेले. बुटांच्या खोक्याहून थोडे मोठे, करड्या रंगाचे, दोन्ही तोंडांना दोन-दोन पंखे, वजन चौदा-पंधरा किलो. चित्रकलेच्या मास्तराला त्यात काढण्यासारखे काहीच दिसले नाही.

हे यंत्र करते काय, ते समजून घेण्यात माझे दोन दिवस गेले. मी ते माझ्यापुरते असे समजावून घेतले. एक मोठा वर्ग आहे. मास्तरांनी फळ्यावर एक कोडे घातले आहे. ते बुद्धीने सुटत नाही. आकड्यामागून आकडे घालून पाहायचे, जमेल त्याचे जमेल. ज्याला जमले त्याला बक्षीस. दर दहा मिनिटांनी साधारण एक बक्षीस, दिवसाला एकशे चव्वेचाळीस. मुले वाढली आणि उत्तरे लवकर येऊ लागली, तर मास्तर कोडे अवघड करतात. मुले घटली तर सोपे करतात. २०१६ बक्षिसे वाटून झाली, म्हणजे साधारण दोन आठवडे गेले, की हा फेरतपास होतो. ३ जानेवारी २००९ रोजी हा वर्ग सुरू झाला तेव्हा बक्षीस पन्नास नाण्यांचे होते. दर चारएक वर्षांनी ते निम्मे होते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आले, आणि २०२८ मध्ये पुन्हा निम्मे व्हायचे आहे. सगळी मिळून नाणी निघणार दोन कोटी दहा लाख. त्यापुढे एकही नाही. आणि या वर्गाचे मास्तर कोण, तर कोणीच नाही. सगळा कारभार नियमांवर चालतो. आमच्या शाळेत हे कधी जमलेले नाही.

हे कळले तरी किंमत कशी काढायची ते कळेना. म्हणून मी आमच्या गल्लीतल्या एका जुन्या जॉबरकडे गेलो. माग दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला आहे. बिटकॉइनचे नावही त्यांनी नीट ऐकले नव्हते. पण जुने यंत्र घ्यायचे म्हणताच ते सावरून बसले.

"मास्तर, जुना माग घेताना आम्ही तीन गोष्टी बघतो. मजुरी काय मिळणार, लाईट किती खाणार, आणि उद्या बंद करायचा झाला तर मोडीला काय येणार. चौथी गोष्ट विकणारा सांगतो. ती ऐकायची नाही."

"चौथी कुठली?"

"नवीन केवढ्याला घेतला होता, ती."

हे ऐकून मी मनातल्या मनात ओशाळलो. 'तेजीच्या दिवसांत याची किंमत लाखांत होती', हे विकणाऱ्याचे वाक्य भाच्याने मला दोनदा ऐकवले होते आणि दोन्ही वेळा माझ्यावर त्याचा परिणाम झाला होता.

एका रात्री भाचा आणि मी ड्रॉइंग पेपरचा पूर्ण ताव अंथरून बसलो. पहिली गोष्ट, मजुरी. हे यंत्र सेकंदाला एकशे दहा लाख कोटी आकडे घालून पाहते. ऐकून छाती दडपते. पण त्या महिन्यात साऱ्या जगातली यंत्रे मिळून सेकंदाला जेवढे प्रयत्न करत होती, ती संख्या एकावर एकवीस शून्यांच्या घरात होती. भागाकार केला. आमच्यासारखी सुमारे ९१ लाख यंत्रे चालू आहेत असे समजायचे आणि त्यांतले आपले एक. एकट्याने खेळायचे ठरवले, तर एक बक्षीस लागायला सरासरी एकशे त्र्याहत्तर वर्षे. तेवढा धीर कोणाला नसतो म्हणून लोक जूट करतात, त्याला 'पूल' म्हणतात. बक्षीस कोणालाही लागो, ज्याने जितके कष्ट ओतले तितका त्याचा वाटा. ही एक प्रकारची भिशीच. दिवसाची एकशे चव्वेचाळीस बक्षिसे म्हणजे ४५० नाणी. एक नाणे तेव्हा एक कोटी रुपयांच्या आसपास होते. ४५० कोटी भागिले ९१ लाख. दिवसाला ४९५ रुपये.

भाच्याचे डोळे चमकले. "महिन्याला पंधरा हजार, मामा!"

दुसरी गोष्ट, लाईट. ३,२५० वॅट, चोवीस तास. आयटीआयच्या मुलाला हा हिशोब माझ्याआधी आला. रोज ७८ युनिट. घरच्या मीटरवर इतकी वीज जाळली तर वरच्या टप्प्याचा दर लागतो; सगळे आकार धरून युनिटला दहा रुपयांच्या वरच. मी दहाच धरले. दिवसाला ७८० रुपये.

४९५ मिळवायला ७८० घालवायचे. ताव शांत पडून राहिला. आम्हीही.

"शिवाय कर आहे," मी म्हणालो. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या कमाईवर सरसकट तीस टक्के कर आहे. खरेदीच्या किमतीखेरीज कसलाच खर्च वजा मिळत नाही, आणि मायनिंगसाठी उभारलेल्या साधनांचा खर्च खरेदीत धरला जाणार नाही, असा खुलासा सरकारने त्याच वर्षी संसदेत केला होता. म्हणजे ४९५ तले १४८ रुपये आधीच गेले. वीज, पंखे, यंत्र, यांचे हिशोबाशी नातेच नाही.

"म्हणून तर शेडमध्ये ठेवायचं म्हणतोय," भाचा हळूच म्हणाला.

मला समजायला थोडा वेळ लागला. शेडचे कनेक्शन यंत्रमागाचे. त्याला सरकारी सवलत. त्याच्या म्हणण्याप्रमाणे युनिट चार रुपयांना पडायचे. ७८ चोक ३१२. कर देऊन राहिलेल्या ३४७ तून ते वजा केले की रोजचे ३५ रुपये उरतात. वर्षाचे बारा-तेरा हजार.

"आणि कर कोण बघायला येतोय?" तो आणखी हळू म्हणाला.

मी तेही मांडले. मास्तरांनी उत्तर चुकलेले असले तरी रीत पूर्ण पाहावी. कर बुडवला तर ४९५ वजा ३१२, म्हणजे रोजचे १८३ रुपये. गुणिले ३६५. ताव उलटा करून गुणाकार केला. ६६,७९५.

आम्ही दोघांनीही तो आकडा बराच वेळ पाहिला. विकणारा पासष्ट हजार सांगत होता.

त्या क्षणी मला किंमत ही काय वस्तू आहे ते थोडेसे कळले. पासष्ट हजार हा आकडा आम्हांला हवेतून आल्यासारखा वाटला होता. तो हवेतून आलेला नव्हता. सवलतीची वीज वळवणाऱ्या आणि कर लपवणाऱ्या माणसाला हे यंत्र वर्षभरात जेवढे देईल, नेमका तेवढाच तो भाव होता. विकणाऱ्याने असा गुणाकार केला असेल असे मी म्हणत नाही. बाजारात असे भाव आपोआप ठरत जातात. पण तो भाव कोणाला परवडतो, ते त्या तावावर स्वच्छ लिहिले होते. भूतानसारख्या देशाने आपल्या नद्यांच्या विजेवर अशी यंत्रे चालवली. ज्याच्या दारात वीज जवळजवळ फुकट वाहते, त्याला ही यंत्रे प्रामाणिकपणे परवडत असतील. आमच्या गल्लीत ती परवडवायची तर दोन चोऱ्या कराव्या लागतात, आणि यंत्राची सगळी किंमत म्हणजे त्या चोऱ्यांचीच किंमत. सरळ मार्गाने चालणाऱ्याला ते यंत्र कोणी फुकट दिले तरी रोज ४३३ रुपयांनी महाग.

शिवाय मागाच्या सवलतीची वीज दुसऱ्या कामाला वापरली आणि सापडलो, तर २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे दुप्पट दराने आकारणी. मीटर अक्काच्या नावावर होता. हे मी बोललो नाही. भाच्याने स्वतःच तावाच्या कोपऱ्यात 'आई' असे लिहिले आणि त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला.

तरी तरुण रक्त आशा सोडत नाही. "नाण्याचा भाव दोन कोटी झाला तर?" त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. पण भाव चढला की जगभर नवी यंत्रे लागतात, ९१ लाखांची संख्या फुगते आणि आपला घास लहान होतो. आमच्या गावात एके काळी मागांवर माग लागले आणि मजुरी उतरली, तसेच. फरक एवढाच की तेव्हा निदान कापड जास्त निघाले. इथे यंत्रे दुप्पट झाली तरी नाणी तेवढीच निघतात. २०२१ मध्ये चीनने हा धंदा बंद केला, तेव्हा काही आठवडे बाकीच्यांचा वाटा जवळजवळ दुप्पट झाला होता. दुसऱ्याचे बंद पडले तर आपले चालणार, असला हा धंदा.

"आणि भाव चढेलच अशी तुझी खात्री असेल," मी म्हणालो, "तर रोजच्या ७८० रुपयांची वीज कशाला जाळायची? त्या पैशांचे सरळ नाणेच घे. यंत्र देईल त्यापेक्षा जास्त मिळेल. तो सट्टाच होईल, पण निदान स्वस्तातला सट्टा होईल."

"मग त्यात मशीन कुठं आलं?" तो पटकन म्हणाला.

आणि मग खाली पाहत म्हणाला, "मामा, शेड गप्प झालीय. आई रात्री उठून मागच्या दारात उभी राहते. हे मशीन लई आवाज करतं म्हणतात."

मी पुन्हा चष्मा काढला. या खेपेला तो खरोखरच पुसावा लागला. यंत्राच्या माहितीत आवाज पंचाहत्तर डेसिबल असा दिलेला होता आणि आम्ही तो आकडा तावावर दोष म्हणून लिहिला होता.

आता त्या चाळीस हजारांविषयी. २००८ साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि पहिली कादंबरी लिहून बसलो होतो. निम्मा खर्च लेखकाने दिला तर पुस्तक काढू, असे एका प्रकाशकाने कळवले. निम्मा म्हणजे चाळीस हजार. माझा पगार तेव्हा सांगण्यासारखा नव्हता. अक्काची भिशी त्याच महिन्यात लागली. तिने ते पैसे पदराला बांधून आणले आणि माझ्या टेबलावर ठेवले. किती खपतील, कधी परत देशील, असे एक अक्षर विचारले नाही. हजार प्रती छापल्या. त्यांतल्या चारशे माझ्या पलंगाखाली राहिल्या, आणि २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी गल्लीत आले तेव्हा त्या भिजल्या. रद्दीवाल्याने ओल्या म्हणून भाव पाडून नेल्या. त्या पुस्तकाचा हिशोब जर कोणी ड्रॉइंग पेपरवर मांडला असता, तर उत्तर शून्याच्या खालीच आले असते. पण ते निघाले नसते तर पुढची दोन मी लिहिली नसती, आणि आज हे लिहायलाही कोणी मला सांगितले नसते.

म्हणून रात्रभर मला झोप नव्हती. अक्काने माझ्या आशेचा भाव केला नाही, आणि मी तिच्या मुलाच्या आशेचा पैशापैशाने केला. यात न्याय कुठला? पहाटे मला जॉबरांची तिसरी गोष्ट आठवली. मोडीला काय येणार? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम नावाच्या दुसऱ्या नाण्याने कोडी सोडवण्याची पद्धतच बंद केली. त्या नाण्यासाठी ज्यांनी संगणकाची ग्राफिक्स कार्डे घेतली होती, त्यांचा धंदा बसला. पण कार्डे खेळांना, चित्रांना कामी तरी आली. भाच्याचे यंत्र जन्माला येताना एकच काम शिकून आले आहे. ते बंद पडले की मागे उरते चौदा-पंधरा किलो ॲल्युमिनियम आणि चार पंखे. माझ्या कादंबरीतून मोडीला मी तरी उरलो होतो. या यंत्रातून भाच्यासाठी काय उरणार, याचा विचार केला आणि मला उत्तर मिळाले.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी अक्काकडे गेलो. भाच्याला म्हणालो, "तू किंमत विचारली होतीस. माझ्या मते शून्य." तो म्हणाला, "मला त्या रात्रीच कळलं होतं." मग मी अक्कासमोर चाळीस हजार ठेवले. भिशीचे, सतरा वर्षे उशिरा. मुलाला द्यायचे तर तू दे, मी विचारणार नाही, असे सांगितले. तिने ते मोजले. पैसे मोजून घेताना अक्काला मी पहिल्यांदाच पाहिले. "बयाणा परत मिळतो का?" तिने विचारले. मिळत नव्हता. "मग गेले ते पाच हजार," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. पुढे कळले की चाळीस हजार तिने पुन्हा भिशीत घातले.

भाचा आता गावाबाहेरच्या एका कारखान्यात एअरजेट मागांवर बारा तासांची पाळी करतो. बिटकॉइनचा भाव तो अजून रोज पाहतो. चढला की मला कळवतो, उतरला की कळवत नाही. मीही वाट पाहतो. हिशोब चुकला असता तर बरे झाले असते, असे मला अधूनमधून वाटते. न घेतलेले यंत्र आम्हांला पाच हजाराला पडले. भाव करणारे लोक म्हणतात, ते महागच.

परवा रविवारी अक्काकडे गेलो होतो. शेडचे दार उघडे होते. भाचा त्या दोन मागांना तेल देत होता. तेल देऊन झाल्यावर त्याने चाक हाताने फिरवले; धोटा एकदा इकडून तिकडे गेला, एक पीक पडले. आत स्वयंपाकघरात अक्काचा हात क्षणभर थांबला.

मोडीला जायच्या मागाला कोणी तेल देत नाही. पण मी त्याला अजून काही विचारलेले नाही.